हरवलेली बाई आणि तिला शोधणारी बाई

ऑगस्ट २०१२ मधली ही बातमी तुमच्यापैकी काहींनी वाचली असेल. आइसलँडमध्ये एल्डग्याउ नावाची ज्वालामुखीची घळई आहे, तिथे पर्यटकांची बस थांबली. एक बाई उतरली, कपडे बदलून, ताजीतवानी होऊन परत बसमध्ये येऊन बसली. बरोबरच्यांनी तिला ओळखलंच नाही. एक बाई कमी आहे म्हणून गलका झाला, पोलिसांना कळवलं गेलं, वर्णन फिरलं आणि सुमारे पन्नास माणसं शोधाला लागली. त्यांत ही बाईसुद्धा होती! जिचं वर्णन सगळीकडे चाललंय ती आपणच, हे तिच्या ध्यानातच आलं नाही. पहाटे तीनच्या सुमारास उलगडा झाला की जिला शोधतोय ती आपल्यातच फिरतेय.

मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा पोट धरून हसले, आजही हसते. पण चारचौघांत ही गोष्ट सांगितली की कुणीतरी हमखास म्हणतं, "बायकांना एकटं सोडलं की असंच व्हायचं." इथे माझं डोकं फिरतं. एकटी कुठे होती ती? भरलेल्या बसमध्ये होती. माणसं मोजताना चूक झाली आणि ती चूक तिची नव्हती. उलट एक अनोळखी बाई हरवलीय म्हटल्यावर ती अंधारात तिला शोधायला निघाली, त्याबद्दल कुणी चकार शब्द काढत नाही.

म्हणून आज जरा सविस्तर लिहितेय. परदेशात बायकांच्या ज्या फजित्या होतात त्या भरपूर सांगितल्या जाव्यात, हसत हसत, अगदी रंगवून. पण त्या ऐकून पुढच्या बाईचं तिकीट रद्द करायला कुणी निघालं, तर त्याला तिथल्या तिथे थांबवायला हवं. एखादा पुरुष चुकीच्या गाडीत बसून भलत्याच गावी पोचला की तो किस्सा पुढची वीस वर्षं कौतुकाने ऐकला जातो. तेच एखाद्या बाईचं झालं की लगेच काळजीचे सूर लागतात. मग बायका सांगायच्याच थांबतात. मैत्रिणी फोनवर अर्धा तास खिदळून सगळं सांगतात आणि शेवटी म्हणतात, "घरी कुणाला बोलू नकोस हं."

असाच एक किस्सा, मैत्रिणीच्या परवानगीने. जपानमध्ये ती एका पारंपरिक सरायीत उतरली होती, गरम पाण्याच्या झऱ्याची स्नानगृहं असलेल्या. संध्याकाळी बायकांच्या बाजूला मनसोक्त डुंबून आली. पहाटे परत तोच बोळ, तेच दार, डोळ्यांवर अर्धी झोप. आत गेली, फडताळातली एक टोपली ओढली, कमरेचा पट्टा सोडायला घेतला आणि आतल्या दारातून वाफेबरोबर एक आजोबा बाहेर आले, हातात छोटासा पंचा. क्षणभर दोघंही थिजले. मग आजोबांनी कमरेत वाकून नमस्कार केला. हिनेही वाकून केला. त्यानंतर आजोबा भिंतीकडे तोंड करून उभे राहिले, ही बाहेर पडेपर्यंत तसेच! झालं होतं असं की अशा बऱ्याच सरायींत पुरुषांचं आणि बायकांचं स्नानगृह रात्रीतून आपसात बदलतात, म्हणजे मुक्कामात सगळ्यांना दोन्हींचा लाभ मिळतो. दाराचा पडदा तेवढा बदललेला असतो, साधारणपणे बायकांचा लाल आणि पुरुषांचा निळा. संध्याकाळी आपण जिथून आलो ती जागा पहाटे पुरुषांची झालेली असेल, हे पहिल्या खेपेला कुणाच्या डोक्यात येईल?

जर्मनीत याच्या उलट. तिथे बहुतेक सौना, म्हणजे घाम काढायच्या गरम खोल्या, स्त्री-पुरुषांच्या एकत्र असतात आणि अंगावर कपडा चालत नाही, पोहण्याचा पोशाखसुद्धा नाही. बसायला खाली टॉवेल मात्र लागतोच. नवखी बाई पूर्ण पोशाखात आत शिरते आणि समोरचे सगळे तिच्याकडे असे बघतात की जणू तिनेच काही अंगावर घातलेलं नाही! काही ठिकाणी बायकांसाठी वेगळा वार असतो. हे आधी कळलं तर जायचं की नाही, कधी जायचं, ते शांतपणे ठरवता येतं. दाराशी उभं राहून, घाम फुटलेला असताना ठरवावं लागत नाही. पोलंडचंही एक सांगून ठेवते: तिथे स्वच्छतागृहाच्या दारावर बरेचदा नुसता त्रिकोण किंवा वर्तुळ असतं. वर्तुळ आपलं.

ओळखीतल्या एक काकू आणि त्यांची लेक स्वित्झर्लंडला गेल्या होत्या. इंटरलाकेनहून डोंगराकडे जाणारी गाडी पकडली. लेक एका डब्यात बसली, काकू खिडकीच्या शोधात दुसऱ्या टोकाला गेल्या. पुढे त्स्वाइल्युचिनेन नावाचं छोटंसं स्टेशन लागतं, तिथे या गाडीचे दोन भाग होतात. एक जातो लाउटरब्रुनेनला, दुसरा ग्रिंडेलवाल्डला. खाऊची पिशवी काकूंबरोबर ग्रिंडेलवाल्डला गेली आणि भुकेली लेक लाउटरब्रुनेनला. फोनवर दोघी एकमेकींना "तू तिथेच थांब" म्हणत राहिल्या. शेवटी तिकीट तपासनिसाने काकूंना नकाशावर बोट ठेवून दाखवलं की दोन्हीकडून वर जाणाऱ्या छोट्या गाड्या एकाच ठिकाणी भेटतात, २,०६१ मीटरवरच्या क्लाइन शाइडेगला. मायलेकी तिथे फलाटावर भेटल्या, गळ्यात पडल्या आणि पहिल्यांदा पिशवी उघडली. काकू म्हणतात, अख्ख्या सहलीत तो प्रवास त्यांना सगळ्यात जास्त आठवतो, कारण तेवढाच त्यांनी एकटीने केला.

गाडी दुभंगते याचा त्यांच्या बाई असण्याशी काय संबंध? प्रत्येक भागावर वेगळ्या गावाची पाटी असते, ती बघायची, एवढंच पुढच्या माणसाला सांगायचं.

संबंध असतो तो भलत्याच ठिकाणी, आणि त्यावर कुणी बोलत नाही. बायकांच्या कपड्यांना धड खिसे नसतात. त्यामुळे पासपोर्ट, फोन, खोलीचं कार्ड, सगळं एकाच पर्समध्ये, आणि पर्स राहिली की सगळंच राहिलं. बस दहा मिनिटं थांबते, पुरुष तीन मिनिटांत मोकळे होऊन फोटो काढतात आणि बायकांची रांग दारापासून पार रस्त्यापर्यंत आलेली असते. मग गाईड म्हणतो, लेडीज नेहमी उशीर करतात. अहो, दारं मोजा की आधी!

चूक मनापासून ऐकली की काय होतं, हेही जपाननेच दाखवलं. तिथल्या टॉयलेटच्या बटणांनी किती जणींना भिजवलंय त्याची गणती नाही. प्रत्येक कंपनीची चिन्हं वेगळी, फ्लश समजून दाबलं की भलतीकडून कारंजं. पाहुण्यांची ही तारांबळ तिथल्या उत्पादकांनी हसण्यावारी नेली नाही. २०१७ मध्ये त्यांच्या संघटनेने मुख्य आठ कामांसाठी सगळ्यांनी सारखीच चिन्हं वापरायची असं जाहीर केलं. त्याआधी, १९८८ मध्ये, टोटो कंपनीने नुसता पाण्याचा आवाज काढणारं यंत्र आणलं होतं, कारण आपला आवाज बाहेर ऐकू जाईल या संकोचापोटी बायका पुन्हा पुन्हा फ्लश करायच्या आणि पाणी वाया जायचं. बायकांना नावं ठेवत बसण्यापेक्षा यंत्र बदललं. मला हे फार आवडतं.

आणि फजिती ताठ मानेने कशी सांगावी, हे मेरी किंग्जलीकडून शिकावं. १८९५ मध्ये ही इंग्रज बाई पश्चिम आफ्रिकेत, आजच्या गॅबॉनमध्ये, जंगलं तुडवत होती. एकदा जनावरांसाठी खणलेल्या खड्ड्यात पडली. खाली टोकदार खुंट्या रोवलेल्या. जाडजूड घागरा तिने अंगाखाली घेतलेला होता, म्हणून वाचली. प्रवासाला पुरुषी कपडे घाल म्हणून सांगणारे कमी नव्हते, त्यांचं ऐकलं असतं तर खुंट्या हाडापर्यंत गेल्या असत्या, असं तिने स्वतः मिश्कीलपणे लिहून ठेवलंय. खड्ड्यात पडल्याची तिला जराही लाज नव्हती.

तेव्हा बायांनो, लिहा. स्टेशनचं नाव, बटणाचा रंग, दारावरची खूण, सगळं लिहा. "काय गं माझी फजिती" एवढ्यावर थांबू नका, कारण पुढच्या बाईला उपयोग त्या बारीक तपशिलाचाच होतो. इटलीला निघालेल्यांसाठी माझ्याकडून हा एक: हॉटेलच्या न्हाणीघरात शॉवरपाशी दोरी लोंबत असते. ब्रिटनमध्ये न्हाणीघरातला दिवा बरेचदा दोरी ओढूनच लागतो, त्यामुळे तिथून आलेली बाई हीसुद्धा ओढते. पण इटलीत ती मदतीची घंटा असते. ओढली गेलीच तर घाबरू नका, टॉवेल गुंडाळा आणि आधी रिसेप्शनला फोन करून "सगळं ठीक आहे" म्हणून सांगा, नाहीतर तुम्ही पडलात असं समजून कुणीतरी दारावर धडकेल.