तीन थेंबांचा पंचनामा

गाडीचं नाव सांगत नाही. सांगितलं की लोक आधी "अजून चालते?" विचारतात आणि मग भेटायला आल्यासारखा चेहरा करतात. पंचवीस वर्षांची, कार्बोरेटरवाली, फेरनोंदणी रीतसर करून आणि ग्रीन टॅक्स भरून रस्त्यावर असलेली, एवढं पुरे. तिच्या पेट्रोल फिल्टरचा जोड गळायला लागला. मागे एका गॅरेजवाल्या महाभागाने पाइप पकडीने पिरगाळून ओढला, फिल्टरचं प्लास्टिकचं तोंड तडकवलं आणि वर कसलीशी लांबी (पुट्टी) थापून गाडी ताब्यात दिली. ती लांबी पेट्रोलने खाल्ली.

दुसरीकडे विचारलं, तर "पाइप सुटा येत नाही, टाकीपासून अख्खी लाइन बदलू." सांगितलेल्या आकड्यात भंगारातून माझी गाडी दोनदा आली असती. मग पुण्यातला स्पेअर पार्टचा बाजार, नाना पेठ. पेट्रोलचा रबरी पाइप फुटावर मोजून, नवा फिल्टर, चार क्लिपा. सगळं मिळून चारशेच्या आत. इंजेक्शनच्या गाडीत पाइपला तीनेक बारचं प्रेशर असतं, तिथे हा साधा पाइप लावणं म्हणजे आगीला आमंत्रण. कार्बोरेटरला त्याच्या दहाव्या हिश्श्यात भागतं. गरिबाची गाडी, गरिबाचं प्रेशर.

इंजिन गार होऊ दिलं, बॅटरीची निगेटिव्ह काढली आणि पार्किंगमध्ये गाडीखाली शिरलो. तेवढ्यात दोन चपला येऊन थांबल्या.

"काय गळतंय?"

"पेट्रोल, काका."

"किती?"

"थेंब थेंब."

"थेंब हे माप नाही."

चपला गेल्या. मला वाटलं, सुटलो. त्या परत आल्या तेव्हा सोबत खडू होता. काकांनी उकिडवं बसून फरशीवरच्या तीन डागांभोवती तीन वर्तुळं काढली, प्रत्येकाशेजारी तारीख आणि वेळ घातली आणि खिशातून टेप काढला.

"हा तिसरा तुमच्या रेषेच्या बाहेर आहे. चार इंच. कॉमन एरिया."

"काका, जरा लांब उभे राहा, वाफ असते."

"मी पिंपरीला क्वालिटीत होतो. मला वाफ सांगू नका. पाइप ओढू नका, ब्लेडने उभा चिरा."

मी ब्लेडनेच चिरत होतो. माणूस चूक बोलला असता तर निदान भांडता आलं असतं.

"फिल्टरवरचा बाण इंजिनाकडे ठेवलात?"

"ठेवला."

"दाखवा."

दाखवला. गाडीखालून, आडवं पडून, कोपरावर पेट्रोल ओघळत असताना, चाळिशी उलटलेल्या माणसाने शाळेतली वही दाखवावी तसा दाखवला. काकांनी टॉर्च धरला होता खरा, पण उजेड सगळा त्यांच्या वर्तुळांवर.

"एवढं करण्यापेक्षा विकून का टाकत नाही?"

हा प्रश्न मला पंपावरचा पोरगा विचारतो, मेव्हणा विचारतो, पीयूसीवाला मशीनची नळी घालता घालता विचारतो. आता साधं पेट्रोल म्हणून मिळतं त्यात २० टक्के इथेनॉल. जुन्या गाड्यांचं रबर त्याच्यासाठी बनलेलंच नव्हतं. ते फुगतं, मऊ पडतं, तडकतं. ऊस आपला, मळी आपली, कारखाने आपले आणि गळका पाइपही आपलाच. इथेनॉल घातलं म्हणून भाव मात्र एका पैशाने उतरला नाही. जुनी गाडी ठेवणाऱ्याला कुणी विचारलं होतं का? कर घ्यायच्या वेळी बरोबर सापडतो तो.

असो. क्लिपा आवळल्या, पण बेताने. जास्त आवळल्या की पट्टी रबरात रुतते आणि पाइप तिथेच कापला जातो. बॅटरी जोडली, इंजिन चालू केलं, जोडावर बोट फिरवलं. कोरडं.

"रात्रभर बघू," म्हणत काकांनी घरून कालचा पेपर आणून गाडीखाली अंथरला. चारही कोपऱ्यांवर खडे ठेवले.

सकाळी मी खाली गेलो तर ते आधीच हजर. पेपरवर एक डाग नव्हता. काकांनी तो उचलला, नाकाशी धरला आणि घडी घातली.

"वास लागलाय. रद्दीवाला घेणार नाही. बदली द्या."

मी वर जाऊन आजचा दिला. अजून उघडलाही नव्हता.