‘जर्मनी कोळशाकडे परतला’ या दाव्यात किती तथ्य आहे?

‘जर्मनीने अणुभट्ट्या बंद केल्या, पवनचक्क्या पाडून कोळसा खणला आणि आता तो फ्रान्सच्या अणुविजेवर जगतो आहे, तेव्हा स्वच्छ ऊर्जा हे थोतांडच,’ अशा आशयाचा मजकूर काही वर्षांपासून फिरतो आहे. त्यातल्या प्रत्येक विधानाला सत्याचा थोडा आधार आहे, म्हणूनच तो खोडून काढण्याआधी तपासावा लागतो.

आधी कोळसा. २०१० मध्ये जर्मनीत कोळशापासून सुमारे २६० अब्ज युनिट आणि अणुभट्ट्यांतून सुमारे १४० अब्ज युनिट वीज तयार झाली. शेवटच्या तीन अणुभट्ट्या १५ एप्रिल २०२३ रोजी बंद झाल्या आणि त्याच वर्षी कोळशाची वीज १३० अब्ज युनिटांच्या खाली आली. म्हणजे अणुवीज संपत असताना कोळसाही निम्म्यावर आला, तर नवीकरणीय स्रोतांचा वाटा एकूण वापराच्या निम्म्याहून अधिक झाला. रशियाचा वायू आटल्यामुळे २०२२ मध्ये कोळशाचे राखीव संच पुन्हा चालवावे लागले, हे खरे; दावा करणाऱ्यांनी नेमके तेवढेच वर्ष उचलले आहे. अर्थात २०२३ मधील घटीचे सगळे श्रेय पवनचक्क्यांना देता येणार नाही, कारण महागड्या विजेमुळे उद्योगांची मागणीही घटली होती.

पाडलेल्या पवनचक्क्या पश्चिम जर्मनीतल्या गार्त्सवायलर या कोळशाच्या खाणीलगतच्या होत्या. त्या मोजक्या आणि २००१ च्या सुमारास उभारलेल्या होत्या. देशात जमिनीवरच २८ हजारांहून अधिक पवनचक्क्या आहेत.

आयातीचा मुद्दा अधिक गुंतागुंतीचा आहे. २०२३ पासून जर्मनी निर्यातीपेक्षा आयात अधिक करतो. पण २०२४ मध्येही हा फरक एकूण वापराच्या साधारण पाच-सहा टक्केच होता, आणि त्यात डेन्मार्क, नॉर्वे यांचाही मोठा वाटा असतो. स्वतःचे कोळशाचे संच चालवण्यापेक्षा शेजाऱ्याची वीज स्वस्त पडत असेल, तर ती घेतली जाते. २०२२ मध्ये गंज आणि देखभालीमुळे फ्रान्सच्या अनेक अणुभट्ट्या बंद होत्या, तेव्हा वीज उलट दिशेने, जर्मनीकडून फ्रान्सकडे गेली होती.

टीकाच करायची तर ती क्रमावर करावी. कोळसा सोडण्याची कायदेशीर अंतिम मुदत २०३८ असताना अणुभट्ट्या आधी बंद केल्याने कोळशाचे संच अधिक काळ धूर ओकत राहिले, या आक्षेपाला समाधानकारक उत्तर नाही. उत्तरेची पवनवीज दक्षिणेतल्या कारखान्यांकडे नेणारी ‘झ्यूडलिंक’ वाहिनी २०२२ पर्यंत पूर्ण व्हायची होती. भूमिगत केबलचा आग्रह आणि स्थानिक विरोध यांमुळे ती आता २०२८ वर गेली आहे.