फायटरला डिप्रेशन येत नाही? कोण म्हणतं?

कळवा, वागळे इस्टेट, ऐरोली, कोपरखैरणे, जिथे जिथे बॉक्सिंग आणि एमएमए (ठोसे, लाथा, कुस्ती सगळं चालणारी लढत) शिकवलं जातं तिथल्या जिमच्या ग्रुपवर सध्या एक मेसेज फिरतोय. त्याचा मजकूर थोडक्यात असा: लढणाऱ्याला डिप्रेशन येत नाही, ते रिकाम्या डोक्याचं दुखणं आहे. हरलेले लोक तोंड लपवायला हे नाव घेतात. रोज दोन तास बॅगवर ठोसे मारा, सगळं उतरेल. आपल्या आजोबांच्या तालमीत कुणाला हे झालं नव्हतं. ज्यानं गोळी घेतली, त्याचं करिअर संपलं. आणि शेवटी, 'प्रत्येक जिमला पाठवा'.

मी कळव्यात कोच आहे, मुलांसाठी पॅड धरतो. हा मेसेज माझ्याच मुलांच्या स्टेटसवर दिसला, म्हणून एकेक मुद्दा घेऊन उत्तर देतोय.

लढणाऱ्याला हे होत नाही म्हणे. ब्रिटिश बॉक्सर टायसन फ्युरीचं नाव या मेसेज पाठवणाऱ्यांना पाठ असेल. 28 नोव्हेंबर 2015 ला त्यानं जर्मनीत व्लादिमीर क्लिच्कोला हरवलं. क्लिच्को त्याआधी अकरा वर्षं हरला नव्हता. हेवीवेटच्या जगज्जेतेपदाचे पट्टे हातात आले आणि त्यानंतर फ्युरी कोसळला. दारू, कोकेन, वजन 180 किलोच्या घरात, जगण्याचीच इच्छा नाही. ऑक्टोबर 2016 मध्ये त्यानं पट्टे सोडून दिले. हे कुणी त्याच्यामागे कुजबुजलेलं नाही, तो स्वतः सांगतो.

'हरलेल्यांची सबब' हा मुद्दाही इथेच निकालात निघतो, कारण फ्युरी जिंकला होता. कित्येक महिने एका तारखेसाठी जगायचं, जेवण, झोप, मित्र, सगळं त्या तारखेभोवती बांधायचं, आणि ती तारीख उलटली की दुसऱ्या दिवशी उठायचं कशासाठी हेच कळत नाही. मुलगा जिंकून आला की आपण हार घालतो, मिरवणूक काढतो आणि आपापल्या कामाला लागतो. तो त्यानंतरचा आठवडा कसा काढतो, हे विचारायला कुणी जात नाही.

हरल्यावर होतं तेही खरं, आणि तीही सबब नव्हे. अमेरिकेची एमएमए फायटर रोंडा राउझी नोव्हेंबर 2015 मध्ये मेलबर्नला हॉली होमकडून हरली. तोवर तिला एमएमएत कुणी हरवलं नव्हतं. काही महिन्यांनी टीव्हीवर तिनं सांगितलं, की लढत संपल्यावर जीव देण्याचे विचार तिच्या मनात आले होते. आपल्याकडे विनेश फोगाटनं टोकियो ऑलिंपिकनंतर, ऑगस्ट 2021 मध्ये, आपली मानसिक अवस्था वर्तमानपत्रात लेख लिहून मांडली. अमेरिकन जिम्नॅस्ट सिमोन बाइल्सनं मनाची तयारी नाही म्हणून माघार घेतली तेव्हा आपण तिचं कौतुक केलं, पण हेच भारतात म्हणून बघा, असं विनेशनं त्या लेखात विचारलं होतं. ठाण्यातली मुलं आज तेच ऐकून घेतायत.

आता व्यायामाचा मुद्दा. यात अर्धं सत्य आहे, म्हणूनच तो जास्त पसरतो. सौम्य आणि मध्यम नैराश्यात व्यायामानं फायदा होतो, याला चांगला आधार आहे. ब्रिटिश बॉक्सर फ्रँक ब्रुनो 1995 मध्ये हेवीवेटचा जगज्जेता झाला, 2003 मध्ये त्याला मनोरुग्णालयात दाखल करावं लागलं. आज त्याच्या नावाची संस्था समुपदेशनाला बॉक्सिंगची जोड देते, पण त्या बॉक्सिंगमध्ये कुणी कुणाला मारत नाही. माझ्याकडेही नोकरीचा ताण उतरवायला येणारे लोक आहेत, बॅगवर चार राउंड मारले की त्यांना रात्री झोप लागते.

फायटरची तयारी म्हणजे मात्र हा व्यायाम नव्हे. वेट कट, म्हणजे लढतीआधी झटपट वजन उतरवणं, बघा. मे महिन्यात, ठाण्याच्या उकाड्यात, अंगात प्लास्टिकचा सॉना सूट, वर हूडी, आणि पोरगा दोरीवर उड्या मारतोय. मीठ बंद, भात बंद, पाणी घोटभर. शेवटच्या रात्री काट्यावर तीनशे ग्रॅम जास्त दिसतात, म्हणून च्युइंगम चघळून बाटलीत थुंकत बसायचं. झोप नाही, ओठ फाटलेले, आईनं जेवायला विचारलं तरी तिच्यावर ओरडायचं. शरीराला इतकं सुकवल्यावर मन ताळ्यावर राहील ही अपेक्षाच चुकीची आहे. त्यात लढून पोट भरत नाही. सकाळी पर्सनल ट्रेनिंगचे क्लायंट, दुपारी सराव, रात्री बारच्या दारात बाउन्सरची ड्यूटी. मग झोपायचं कधी? आणि लिगामेंट गेलं की महिनोन्‌महिने घरी. मेसेज ज्याला औषध म्हणतो, तो सरावच त्या दिवसांत बंद असतो.

डोक्याला बसणाऱ्या माराचं काय? हॅरिसन मार्टलँड या अमेरिकन डॉक्टरनं बॉक्सरच्या मेंदूला ठोशांनी होणाऱ्या इजेवर 1928 मध्येच लिहिलं होतं. आज त्या आजाराला सीटीई (क्रॉनिक ट्रॉमॅटिक एन्सेफॅलोपॅथी) म्हणतात. वारंवार बसलेल्या धक्क्यांनी मेंदूत टाऊ नावाचं प्रथिन साचत जातं. प्रत्येक धक्क्याला माणूस बेशुद्ध पडतोच असं नाही. स्मरण, स्वभाव, मनःस्थिती सगळ्यावर परिणाम होऊ शकतो, आणि पक्कं निदान आजही मृत्यूनंतर मेंदू तपासूनच होतं. प्रत्येक लढणाऱ्याला हे होत नाही. पण ज्या खेळात मेंदूलाच मार बसतो, त्या खेळातल्या मुलांना 'तुमचं मन आजारी पडूच शकत नाही' असं सांगणं धोक्याचं आहे.

एका मुलाबद्दल सांगतो, त्याची परवानगी घेऊन आणि नाव न घेता. चपळ पोरगा, डोकं हलवण्यात आमच्याकडे सगळ्यात हुशार. अचानक तो स्पॅरिंगमध्ये, म्हणजे सरावाच्या लढतीत, ठोसे चुकवेनासा झाला. गार्ड छातीपर्यंत खाली, समोरच्याचा जॅब सरळ नाकावर, हा मागे सरकतही नाही. बाजूची पोरं टाळ्या वाजवायची, 'काय मार खातो यार, लोखंड आहे!' मी बेल व्हायच्या आधी राउंड थांबवला आणि त्याला बाजूला घेतलं. म्हटलं, "अरे, दिसतोय ना ठोसा? मग हलत का नाहीस?" तो म्हणाला, "दिसतो सर. लागला तरी काही वाटत नाही." मग कळलं, की रात्री झोप नाही, जेवण जात नाही, आणि आपण नसलो तर बरं होईल असं मनात येतं. त्याच आठवड्यात आम्ही त्याला मानसोपचारतज्ज्ञाकडे नेलं. नैराश्य अंथरुणात पडून राहणाऱ्यालाच येतं असं नाही. ते वेळेवर जिममध्ये येतं, हँडरॅप बांधतं, सहा राउंड करतं, आणि आपण त्याला जिगर म्हणून शाबासकी देतो.

आजोबांच्या तालमीत हे नव्हतं, या मुद्द्यावर फार वेळ घालवायला नको. होतं. तेव्हा त्याला पैलवान दारूला लागला म्हणायचे, कुणी करणी केली म्हणायचे. डॉक्टरकडे कुणी नेलंच नाही, तर नोंद होणार कुठून?

गोळ्यांबद्दल मात्र नीट वाचा, कारण भीतीनं औषध मध्येच सोडणारी मुलं आहेत. नैराश्यासाठी सर्रास दिली जाणारी फ्लुओक्सेटिन, एसिटालोप्राम ही औषधं वाडाच्या, म्हणजे जागतिक डोपिंगविरोधी संस्थेच्या, बंदी यादीत नाहीत. वजन उतरवायला मेडिकलमधून गुपचूप आणल्या जाणाऱ्या लघवीच्या गोळ्या मात्र त्या यादीत आहेत, स्पर्धा असो वा नसो. एडीएचडीसाठी (लक्ष एकाग्र न होण्याची अवस्था) देतात त्यातल्या काही उत्तेजक औषधांना स्पर्धेच्या काळात बंदी असते, त्यासाठी आधी रीतसर परवानगी घ्यावी लागते. म्हणून डॉक्टरला पहिल्याच भेटीत सांगायचं, की मी लढतो आणि वजन उतरवतो. लिथियम (मनःस्थिती स्थिर ठेवणारं औषध) चालू असेल तर हे सांगायलाच हवं, कारण शरीरातलं पाणी कमी झालं की रक्तातलं लिथियम धोकादायक पातळीला जाऊ शकतं. आणि बरं वाटलं म्हणून कुठलीही गोळी स्वतःच्या मनानं बंद करायची नाही.

करिअर संपतं का? फ्युरी 2018 मध्ये परतला. त्याच डिसेंबरमध्ये डिऑन्टे वाइल्डरनं त्याला बाराव्या राउंडला आडवा केला, तो उठला, लढत बरोबरीत सुटली. फेब्रुवारी 2020 मध्ये त्यानं वाइल्डरला सातव्या राउंडमध्ये हरवून पट्टा घेतला. तोवर त्यानं आपल्या आजाराबद्दल सगळ्या जगाला सांगून झालं होतं.

आपल्याकडे अडचण वेगळीच आहे. ठाण्याचं मनोरुग्णालय 1901 पासूनचं. अख्ख्या मुंबईनं 'याला ठाण्याला पाठवा' ही शिवी करून ठेवली, आणि ठाण्यातच राहणाऱ्या पोराला ती घरच्या पत्त्यासारखी चिकटते. गुडघ्याचा एमआरआय स्टेटसला टाकणारा मुलगा मानसोपचारतज्ज्ञाला भेटायला दादरला जातो, ओळखीचं कुणी दिसू नये म्हणून. याच ठाण्यात डॉ. आनंद नाडकर्णींनी 1990 मध्ये आयपीएच ही मानसिक आरोग्याची संस्था सुरू केली, मन आजारी पडायची वाट न बघता त्याची काळजी घ्यायची, हा विचार इथे कधीचा रुजलाय. तरी आमच्या जिमपर्यंत तो पोचलेला नाही, आणि ते काम आम्हा कोच लोकांचं आहे. स्पॅरिंगआधी आपण हात बघतो, माउथगार्ड बघतो. त्याच वेळी झोप कशी आहे हेही विचारता येतं. दोन आठवडे कशातच रस वाटत नसेल, तर रिंगबाहेर ठेवून डॉक्टरकडे न्यायचं. जीव नकोसा वाटतो असं कुणी म्हणालं, तर त्याला एकटं सोडायचं नाही, त्याच दिवशी मदत मिळवायची.

टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा नंबर 14416. सरकारी सेवा आहे, फुकट आहे, चोवीस तास चालते, मराठीत बोलता येतं. प्रत्येक जिमला पाठवायचंच असेल, तर हा नंबर पाठवा.