उंटाची सर्दी

तिसरीतल्या मुलाने शाळेच्या लायब्ररीतून गोष्टीचं पुस्तक घरी आणलं, तर त्यात बापाने घाबरण्यासारखं काय आहे? १५ ऑक्टोबरपर्यंत मलाही असंच वाटत होतं. त्या दिवशी डॉ. कलामांचा जन्मदिवस, म्हणजे २०१५ पासून आपल्याकडचा वाचन प्रेरणा दिन. चिरंजीवांनी दप्तरातून दोन वस्तू काढल्या. एक चोवीस पानी पुस्तक आणि एक चार पानी पत्रक. पुस्तकात एका उंटाला सर्दी झाली होती. पालकांना पुढे काय काय होणार आहे, ते पत्रकात होतं.

पत्रकाचं शीर्षक होतं, 'वाचनानंद स्पर्धा : पालकांसाठी नियमावली'. आनंद आणि नियमावली एका ओळीत इतक्या गुण्यागोविंदाने नांदताना मी फक्त आमच्या सोसायटीच्या होळीच्या नोटिशीत पाहिलेत. पुस्तक सात दिवसांसाठी. उशीर झाल्यास दिवसाला दोन रुपये. प्रत्येक पुस्तकाचा पाच ओळींत सारांश, मुलाच्याच अक्षरात, खाली पालकाची सही. मासिकं धरणार नाहीत. घरचं पुस्तक धरणार नाहीत. एक दाखल क्रमांक एकदाच मोजला जाईल. पुस्तक हरवल्यास त्याच आवृत्तीची प्रत आणून द्यावी. डिसेंबरअखेर ज्याची सर्वाधिक पुस्तकं, त्याला पदक.

दाखल क्रमांक म्हणजे काय, हे मला चिरंजीवांनी समजावून सांगितलं. पुस्तक लायब्ररीत आलं की ताई त्याला दाखल नोंदवहीत चढवतात आणि शिक्क्याखाली त्याचा नंबर लिहितात. "आधार कार्डासारखं असतं बाबा. जुळ्यांचं पण वेगवेगळं असतं." आमच्या उंटाचा नंबर ३७१२ होता.

केंद्र सरकारचं 'निपुण भारत' अभियान म्हणतं की तिसरी संपेपर्यंत मुलाला मिनिटाला किमान ६० शब्द समजून वाचता यावेत. ती नियमावली मी मोबाइलवर वेळ लावून वाचली. वेगात मी पास झालो. 'समजून'मध्ये गेलो.

पहिल्या आठवड्यात सगळं सुरळीत होतं. चिरंजीवांनी उंट वाचला, सारांश लिहिला, मी झोकदार सही केली. दुसऱ्या आठवड्यात त्यांनी उंट पुन्हा आणला. तिसऱ्या आठवड्यात पुन्हा. उंटाची मान इतकी लांब, की पोटातून निघालेली शिंक नाकापर्यंत पोचायला सहा पानं लागतात, आणि तोवर वाळवंटातले सगळे प्राणी कानांत बोटं घालून उभे. चौदाव्या पानावर शिंक येते. चौदाव्या पानावर चिरंजीव रोज त्याच जागी, त्याच आवाजात हसत. शेजारी बसलेली माझी आईही हसे. मला मात्र पाच ओळींचा दुसरा सारांश कुठे दिसेना.

तेवढ्यात 'तिसरी ब पालक' या ग्रुपवर एका आईने अंगठ्यांच्या मिरवणुकीसह लिहिलं, 'आमचे आज ४७ झाले.' दिवाळीची सुट्टी वजा केली तर हा दिवसाला दोन पुस्तकांहून जास्त वेग होतो. या वेगाने माणूस फक्त मेनूकार्ड वाचू शकतो. पुढे त्यांनी एका सारांशाचा फोटोही टाकला. अक्षर मुलीचंच होतं, नियमाप्रमाणे. फक्त ते मुलीला आईकडून अगदी हुबेहूब मिळालं होतं.

"आपले किती?" बायकोने विचारलं.

"एक."

"एक?"

"पण ते नीट झालंय."

त्या रात्री आमच्याकडे तातडीची बैठक झाली. दुसऱ्या दिवसापासून चिरंजीवांना लायब्ररीतून बारीक, सोळा पानी पुस्तकं आणायला सांगितलं. दोनच पुस्तकं एका वेळी मिळत, त्यामुळे आम्ही जाडी बघून निवड करत होतो. साहित्याचा हा निकष समीक्षकांनी फार उपेक्षिला आहे, असं मला वाटतं. चिरंजीव तिसऱ्या पानावर झोपून जात आणि मी मुंगी, मुंगीचा काका, ढग, छत्रीचं मनोगत असं एकेक संपवून सारांशाचा कच्चा मसुदा करून ठेवत असे. त्या पंधरवड्यात मी अकरा पुस्तकं वाचली. लग्न झाल्यापासून मी इतकं वाचलं नव्हतं.

आईला हा सगळा प्रकार पसंत नव्हता. तिने माळ्यावरून माझ्या लहानपणचे 'किशोर'चे अंक काढले. बालभारती १९७१ पासून हे मासिक काढते, आणि आईने माझे अंक वर्षावर्षाचे गठ्ठे करून दाभणाने शिवून ठेवलेत. नातवापुढे तिने एक गठ्ठा उघडून ठेवला. तो दोन तास हलला नाही.

"आई, मासिकं धरत नाहीत," मी म्हणालो.

"कोण धरत नाही?"

"स्पर्धेत. मोजत नाहीत."

"मग त्याला सांग, हळू वाच. उगाच फुकट जायचं."

आणि डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात, चौथ्यांदा घरी आलेला उंट हरवला.

चोवीस पानी पुस्तक दोन बेडरूमच्या फ्लॅटमध्ये किती ठिकाणी नसू शकतं, याचा अंदाज शोधल्याशिवाय येत नाही. सोफ्याखाली रिमोटचं झाकण सापडलं. फ्रीजमागे पेन्सिली निघाल्या, नऊ. मिळकतकराची जी पावती मी दोन वर्षं शोधत होतो आणि जिच्यापायी मी कार्यालयात चार खेपा घातल्या होत्या, ती शब्दकोशात सापडली. शब्दकोश कोणी उघडलाच नव्हता, हे त्यातून सिद्ध झालं. 'उंट कुठेय, उंट' असं ओरडत मी गॅलरीपर्यंत गेलो तेव्हा समोरच्या बिल्डिंगमधल्या काकांनी वर्तमानपत्र खाली केलं.

शनिवारी शाळेत गेलो. लायब्ररी म्हणजे एक लांबट खोली, बारा कपाटं, तीन सतरंज्या, आणि भिंतीवर डॉ. रंगनाथनांचे ग्रंथालयशास्त्राचे पाच सिद्धांत. १९३१ साली त्यांनी ते पुस्तकरूपात मांडले. 'ग्रंथ उपयोगासाठी आहेत', 'प्रत्येक वाचकाला त्याचा ग्रंथ', 'प्रत्येक ग्रंथाला त्याचा वाचक', असं करत चौथा येतो: 'वाचकाचा वेळ वाचवा'. त्याच्या बरोबर खाली रांग होती. माझा नंबर पस्तीस मिनिटांनी आला, त्यामुळे पाचही सिद्धांत माझे पाठ आहेत.

ताई भल्या होत्या. "आधी बघू या, परत येऊन चुकीच्या कपाटात गेलंय का," म्हणाल्या. उंट म्हणून ५९९मध्ये पाहिलं, तिथे सस्तन प्राणी असतात. गोष्ट म्हणून ८९१.४६मध्ये पाहिलं, तिथे मराठी साहित्य. लोककथा समजून कोणी ठेवलं असेल म्हणून ३९८ही झालं. असे आकडे देऊन मेल्व्हिल ड्यूईने १८७६ साली जगातलं सगळं ज्ञान दहा वर्गांत बसवलं, पण तिसरी ब चा वर्ग त्याने पाहिला नव्हता. सर्दीसाठी ६१६, म्हणजे रोगराई, बघू या का, असं मी विचारलं. ताईंनी चष्म्यावरून पाहिलं आणि नियमावलीतल्या हरवलेल्या पुस्तकाच्या कलमावर बोट ठेवलं.

त्याच आवृत्तीची प्रत.

म्हणून अप्पा बळवंत चौक, पुण्यातला पुस्तकांचा बाजार. तिथे जायचं तर आधी तारीख बघावी लागते, कारण सम तारखेला गाडी रस्त्याच्या या बाजूला लावायची, विषम तारखेला त्या. मी तारीख बरोबर बघितली आणि बाजू चुकलो. ते प्रकरण मिटवून दुकानापाशी पोचेस्तोवर साडेबारा वाजले होते. (पुण्यातल्या एक ते चारबद्दल मी काही बोलणार नाही. तो विनोद आता आमच्याइतकाच थकलाय.)

पहिल्या दुकानात विचारलं, "उंटाला सर्दी होते, ते पुस्तक आहे का?"

"कितवीला आहे?"

"तिसरीला."

"सीबीएसई का स्टेट?"

"अहो, अभ्यासाचं नाही. गोष्टीचं."

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, की अप्पा बळवंत चौकात येऊन गाईड न मागणारा मी त्या आठवड्यातला पहिलाच असावा. पाचव्या दुकानात पुस्तक मिळालं. मी ते घेऊन छातीशी धरणार तेवढ्यात दुकानदार म्हणाले, "नवीन आवृत्ती आहे हां. साठ रुपये. जुनी पस्तीसची होती, ती संपली."

"काय फरक आहे?"

"यात उंटाने स्वेटर घातलाय."

मी पानं उलटून पाहिली. खरंच, लाल स्वेटर. शिंकही चौदाव्या पानावरून सोळाव्यावर गेली होती. जुन्या पुस्तकांची दुकानं फिरलो, तिथे जेईई होतं. फर्ग्युसनच्या मैदानावर डिसेंबरात पुणे पुस्तक महोत्सव भरतो, २०२३ पासून, तिथेही बायकोला घेऊन गेलो. एवढ्या मोठ्या मांडवात आम्ही दोघं उघड्या अंगाचा उंट शोधत होतो. नवरा-बायकोने मिळून केलेलं असं काम त्याआधी आठवत नाही. सगळीकडे स्वेटर. थंडीही पडली होती म्हणा.

परतताना वाटलं, पुणे नगर वाचन मंदिर १८४८ पासून चाललंय. एवढ्या वर्षांत कितीतरी बाप पुस्तक हरवून, मान खाली घालून त्याच्या देवघेवीच्या टेबलापाशी उभे राहिले असतील. जरा बरं वाटलं.

ताईंनी स्वेटरवाला उंट घेतला, पण फुकट नाही. 'मूळ आवृत्ती बाजारात उपलब्ध नसल्याने सुधारित आवृत्ती स्वीकारावी ही नम्र विनंती' असा अर्ज मी शाळेच्या बाकावर बसून लिहिला. तोही माझ्याच अक्षरात. त्यांनी नोंदवहीत ३७१२ पुढे लाल शाईने 'हरवले, निर्लेखित' असं लिहिलं आणि नवं पुस्तक शेवटच्या पानावर चढवलं. निर्लेखित हा शब्द फार गंभीर आहे. मला दोन मिनिटं उभं राहावंसं वाटलं.

"जुनं सापडलं तर?" मी विचारलं.

"कागदोपत्री ते आता नाहीये," ताई म्हणाल्या.

कागदोपत्री नसलेलं ते पुस्तक पुढच्या गुरुवारी सापडलं. देवघरात. आई पोथी वाचायला बसली, तिने लाल बासन सोडलं आणि पोथीच्या खाली उंट.

"आई! हे इथे?"

"मग कुठे ठेवू? तुमच्या घरात पुस्तक ठेवायला एक जागा आहे का? पायात येत होतं. बासनात कोणी हात घालत नाही."

"अगं, मी सगळं घर पालथं घातलं. मला सांगायचं नाहीस?"

"तू पुस्तक शोधतोयस असं कुठे म्हणालास? उंट, उंट करत होतास. मला वाटलं, ऑफिसातल्या कोणाला म्हणतोयस." मग जरा थांबून, "आणि दुपारी मला वाचायला बरं पडतं ते. अक्षर मोठं आहे."

मी पुस्तक घेऊन पुन्हा शाळेत गेलो. ताईंनी हात मागे घेतले. निर्लेखित पुस्तक परत घ्यायचं तर म्हणे आणखी एक अर्ज, मुख्याध्यापकांची सही, आणि लाल शाईवर खाडाखोड करता येत नाही ते वेगळंच. "राहू द्या तुमच्याकडेच," त्या म्हणाल्या. म्हणजे ते आता घरचं पुस्तक झालं. आणि घरचं पुस्तक धरत नाहीत.

डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात ग्रुपवर १०३चा आकडा आला. आम्ही बारावर होतो, त्यातले अकरा माझे. आमच्याकडे आता पदकाचं कोणी नाव काढत नव्हतं. शुक्रवारी चिरंजीव शाळेतून आले, बूट न काढता दप्तर उघडलं आणि पुस्तक माझ्या मांडीवर ठेवलं. लाल स्वेटर.

"अरे, हे? हे आपल्या घरात आहे. देवघरात आहे! तू ते वीस वेळा वाचलंयस."

"ते ३७१२ होतं, बाबा." त्यांनी शिक्क्याखालच्या नंबरावर बोट ठेवलं. "हे ४१०६ आहे. हे मी अजून वाचलेलंच नाही. सही कर."