दहा वर्षांत तेरा वर्षं: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

मागच्या लेखावरची तुमची प्रतिक्रिया वाचली, दोन दिवस काहीच लिहिलं नाही कारण लगेच लिहिलं असतं तर जास्त बोलून गेले असते. बाकीच्या वाचकांसाठी थोडक्यात सांगते. मी नवऱ्याच्या खापरपणजोबांच्या वडिलांबद्दल लिहिलं होतं, इंग्लंडमधल्या डॉर्सेटचे शेतमजूर, चर्चच्या पॅरिश रजिस्टरमधून (पॅरिश म्हणजे एका चर्चच्या हद्दीतला भाग) आणि जनगणनेतून ते कसे सापडले त्याबद्दल. त्यावर तुम्ही लिहिलंत: "१८४१ ला वय २५ आणि १८५१ ला ३८. दहा वर्षांत माणूस तेरा वर्षांनी म्हातारा होत नाही, एवढं गणित चौथीच्या पोरालाही येतं. जन्मगावही वेगळं. शेजारच्या पॅरिशमध्ये त्याच नावाचा १८१५ चा मुलगा आहे, तो तपासला का? घरबसल्या कुणाच्यातरी वंशवृक्षावरून नाव उचलणं म्हणजे संशोधन नाही. आणि गोऱ्यांचे पूर्वज शोधण्यापेक्षा आधी स्वतःचे आजोबा शोधा."

एक चूक मान्य. १८४१ च्या जनगणनेची तारीख मी ७ जून लिहिली, गणना ६ जूनच्या रात्रीची होती, कागद गोळा झाले दुसऱ्या दिवशी. लेखात दुरुस्त केलं, आभार.

आता ते चौथीच्या पोराचं गणित. शंका विचारायची एक पद्धत असते हो. "हा फरक कसा?" एवढं विचारलं असतंत तरी मी आनंदाने सांगितलं असतं, पण तुम्हाला विचारायचं नव्हतंच, मला काही कळत नाही हे चारचौघांत दाखवायचं होतं. मग नीट ऐका. १८४१ ला गणना करणाऱ्यांना सूचनाच होती की १५ वर्षांच्या वरच्या माणसाचं वय पाचाच्या पटीत खाली उतरवून लिहायचं. २५, २६, २७, २८, २९ काहीही असो, लिहायचं २५. लहान मुलांचं मात्र खरं वय. १८५१ ला ही पद्धत गेली आणि सगळ्यांचं वय जसं सांगतील तसं लिहिलं गेलं. आमच्या माणसाचा बाप्तिस्मा, म्हणजे जन्मानंतर साधारण लगेच होणारा चर्चमधला नामकरणाचा विधी, फेब्रुवारी १८१३ चा. म्हणजे ६ जून १८४१ ला २८, कागदावर २५. ३० मार्च १८५१ ला ३८, कागदावर ३८. तेरा वर्षं वाढली ती कागदावर, माणूस दहाच वर्षांनी वाढला. आणि सोबतची मुलगी बघा ना, १८४१ ला २ वर्षांची, १८५१ ला १२. बायकोचं नाव तेच. हे सगळं लेखात होतं, तुम्ही दोन आकडे उचलले आणि बाकीचं सोडून दिलंत.

आणि वय कागदावर कसं चढतं हे मला इंग्लंडला येऊन कळलं नाही. मी मराठवाड्यातली. माझे वडील रझाकाराच्या साली जन्मले असं आजी सांगायची, म्हणजे ४८, आणि शाळेच्या दाखल्यावर १ जून १९५०. मास्तरांनी पोराकडे बघितलं आणि लिहिलं. आमच्या गल्लीत निम्म्या लोकांचा वाढदिवस १ जूनला असतो, ते सगळे काय खोटारडे? आत्या बहात्तरच्या दुष्काळात झाली, तारीख कुणाला माहीत नाही. ज्या घरात वय असं आठवणीवर चालतं त्या घरातून मी आलेय, म्हणून पेन्सिलने लिहिलेला तो २५ चा आकडा बघून मी थांबले नाही. तुम्ही थांबलात.

जन्मगावाचं. १८४१ ला गाव विचारलंच नव्हतं, फक्त याच काऊंटीत (म्हणजे जिल्ह्यात) जन्म झाला का, हो की नाही. १८५१ ला शेजारचं पॅरिश लिहिलंय, बाप्तिस्मा दुसरीकडे, अंतर तीन मैल. तिथले मजूर वर्षाच्या बोलीवर राहायचे आणि लेडी डेला, म्हणजे २५ मार्चच्या सुमाराला (डॉर्सेटमध्ये जुन्या कॅलेंडरप्रमाणे ६ एप्रिल), बिऱ्हाड गाडीत घालून दुसऱ्या शेतावर जायचे. आपल्याकडे पाडव्याला सालगड्याचं साल ठरतं, मालक बदलतो, गाव बदलतं, अगदी तसंच. लहानपणी ज्या गावात राहिला तेच जन्मगाव म्हणून सांगितलं असेल, त्यात नवल काय. आणि हे सगळं टॉलपडल गावापासून थोड्या मैलांवर, जिथल्या सहा मजुरांना १८३४ मध्ये संघटनेची शपथ घेतली म्हणून सात वर्षांसाठी ऑस्ट्रेलियाला धाडलं. आठवड्याचे ९ शिलिंग ७ वर आले होते आणि ६ करणार होते म्हणून ते एकत्र आले होते. तेव्हा आमचा माणूस २१ वर्षांचा. असा माणूस एका जागी राहील?

१८१५ चा मुलगा मी पाहिलाय. तो आमचा नाही असं माझं मत आहे, त्याबद्दल नंतर कधीतरी लिहीन, सगळंच एका उत्तरात मावत नाही.

"घरबसल्या" हा शब्द मला लागला. रजा टाकून तीन दिवस डॉर्चेस्टरच्या डॉर्सेट हिस्टरी सेंटरमध्ये बसले, जुन्या नोंदींच्या मायक्रोफिल्मचं रीळ फिरवून डोळे दुखले. १८३८ च्या लग्नाची नोंद बघितली. १८३७ पासून लग्नाच्या नोंदीत वराच्या वडिलांचं नाव आणि काम लिहायला लागले, तिथे बापाचं नाव बाप्तिस्म्याशी जुळतं, काम लेबरर म्हणजे मजूर, आणि सहीच्या जागी फुली. तुमच्याकडे याहून चांगला कागद असेल तर दाखवा, मी लेख मागे घेते.

राहिलं आजोबांचं. हे तुम्ही लिहायला नको होतं. माझे आजोबा तीस वर्षं सालगडी होते. सातबारावर सालगड्याचं नाव येत नाही. आपल्या जनगणनेतले घराघरातल्या नावांचे कागद कुणाला बघायला मिळत नाहीत. त्यांचं नाव लिहिलेली एकच जागा होती, मालकाची उचलीची वही, किती रुपये घेतले, किती ज्वारी नेली, किती खाडे झाले. मी २०१६ ला गावी गेले तेव्हा वाडा पडलेला होता, मालकाचे नातू संभाजीनगरला, ते म्हणाले कागद वाळवीने खाल्ले, काही रद्दीत गेले. दोन तास त्यांच्या ओसरीवर बसून होते. शोधलं नाही असं परत लिहू नका.