'म्हातारपण पायांपासून सुरू होतं': व्हॉट्सॲपवरच्या मेसेजमधलं खरं किती, खोटं किती

म्हातारपण पायांकडून वर चढतं, म्हणून रोज चाला, असा एक लांबलचक मेसेज गेली काही वर्षं ग्रुपाग्रुपांवर फिरतोय. त्यातले दावे असे: शरीरातली निम्मी हाडं, निम्मे स्नायू, निम्म्या नसा आणि निम्मं रक्त दोन पायांत असतं. 70 टक्के ऊर्जा पायच खर्च करतात. तरुण माणसाच्या मांड्या 800 किलोची गाडी उचलू शकतात. ज्याचे पाय मजबूत त्याचं हृदय मजबूतच. दोन आठवडे पाय हलवले नाहीत तर ताकद 10 वर्षांनी मागे जाते. मांडीचं हाड मोडलेल्या वृद्धांपैकी 15 टक्के वर्षभरात दगावतात. आणि या सगळ्यावर उपाय म्हणजे रोज 30-40 मिनिटं चालणं. सल्ला भला आहे म्हणून आकडे कुणी तपासत नाही. पण मोडलेलं हाड आणि व्यायाम या दोन मुद्द्यांवर घरातल्या वृद्धाचं चालणं-फिरणं, कधी जीवही, अवलंबून असतो. मेसेज नेमका तिथेच तोकडा पडतो.

आधी हाडं मोजू. मोठ्या माणसाला 206 हाडं असतात. एका पायात 31: कमरेचं 1, मांडीचं 1, गुडघ्याची वाटी, नडगी, तिच्या बाहेरच्या बाजूचं बारीक हाड, घोटा-टाचेकडची 7, पावलाची 5 आणि बोटांची 14. दोन्ही पायांची मिळून 62, म्हणजे 30 टक्के. खांद्यासकट दोन हातांत 64 असतात, पायांपेक्षा 2 जास्तच. स्नायूंचा दावा मात्र वजनाच्या हिशेबाने खरा आहे. शरीरातल्या स्नायूंच्या एकूण वजनापैकी निम्म्याहून थोडं जास्त कमरेखाली असतं. नसांचं म्हणाल तर मणक्यातून 31 जोड्या निघतात आणि पायांकडे मुख्यतः त्यातल्या 8 जातात.

रक्ताचा दावा तर स्वस्थ बसलेल्या माणसाला लागूच पडत नाही. हृदय मिनिटाला साधारण 5 लिटर रक्त फेकतं आणि विश्रांतीत सगळ्या शरीराच्या स्नायूंना मिळून त्यातलं 15 ते 20 टक्के जातं. जोरात पळताना हा वाटा 80 टक्क्यांवर जातो, पण तो तेवढ्यापुरता. ऊर्जेचंही तसंच. दिवसभराच्या खर्चातला 60 ते 70 टक्के भाग नुसतं जिवंत राहण्यात जातो, आणि त्यात यकृत आणि मेंदूचा वाटा मोठा असतो.

800 किलोंची गाडी सोडून द्या. जगातले तगडे पॉवरलिफ्टर खास आधाराचे कपडे न घालता स्क्वॉट मारतात, म्हणजे खांद्यावर वजन घेऊन खाली बसून उठतात, ते 500 किलोंच्या आसपासच. खुब्यावर खरोखर किती भार येतो ते जास्त उपयोगाचं आहे. चालताना प्रत्येक पावलाला काही क्षण आपण एकाच पायावर असतो. कंबर दुसऱ्या बाजूला कलू नये म्हणून खुब्याच्या बाहेरचा स्नायू ती खेचून धरतो. हा स्नायू सांध्याच्या जवळ आणि शरीराचं वजन सांध्यापासून लांब, त्यामुळे त्याला वजनाच्या दुपटीने ओढावं लागतं. वजन आणि ही ओढ मिळून सांध्यावर शरीराच्या अडीच-तीनपट भार पडतो. 60 किलोच्या माणसाच्या खुब्यावर दर पावलाला 150 ते 180 किलो. म्हणूनच काठी दुखऱ्या पायाच्या विरुद्ध हातात धरायची असते. तिकडून मिळालेला थोडासा आधारही या स्नायूचं काम बरंच हलकं करतो. बरेच लोक ती दुखऱ्या बाजूलाच धरतात.

पाय आणि हृदय यांचं नातं आहे, पण 'मजबूतच' हा शब्द चुकीचा. पोटरीचा स्नायू आवळला की शिरांमधलं रक्त वर ढकललं जातं आणि झडपा ते परत खाली येऊ देत नाहीत. यामुळे पायातलं रक्त हृदयाकडे परततं, हृदयाच्या धमन्या मोकळ्या राहतीलच असं नाही. शिवाय ठरावीक अंतर चाललं की पोटरी आवळून येते आणि थांबलं की दोन-चार मिनिटांत बरं वाटतं, असं होत असेल तर पायाच्या धमन्या अरुंद झालेल्या असू शकतात. मधुमेह किंवा तंबाखू-विडी असेल तर 'पाय कमजोर झालेत, अजून चालू' म्हणत वेळ घालवू नका, डॉक्टरांना दाखवा.

दोन आठवड्यांचा मुद्दा 2015 साली प्रसिद्ध झालेल्या कोपनहेगनच्या अभ्यासावरून आलाय. मात्र त्यात पुरुषांचा एक पाय पट्ट्यात अडकवून पूर्ण स्थिर ठेवला होता. तरुणांची त्या पायातली ताकद एक तृतीयांशाने घटली, वयस्करांची एक चतुर्थांशाने. नंतर सहा आठवडे सायकल चालवूनही ती पूर्ण भरून आली नाही. पंधरा दिवस फिरायला न जाणं आणि हे एकच नव्हे. प्लास्टर असेल किंवा अंथरुणाला खिळायची वेळ आली असेल, तर मात्र हा अभ्यास थेट लागू पडतो. डॉक्टरांनी हरकत घेतली नसेल तर पडल्यापडल्या गुडघा गादीत दाबून मांडी 5 सेकंद आवळा, असं 10 वेळा, दिवसातून तीनदा.

आता मोडलेलं हाड. 15 टक्के हा आकडा कमीच आहे. जगभरच्या नोंदींत खुब्याचं हाड, म्हणजे मांडीच्या हाडाचं वरचं टोक, मोडलेल्या वृद्धांपैकी साधारण 20 ते 30 टक्के वर्षभरात जातात. बहुतेकदा जीव घेतं ते पडून राहणं: न्यूमोनिया, पायात रक्ताची गुठळी, पाठीला जखमा, लघवीचा जंतुसंसर्ग. 'वय झालंय, ऑपरेशन कशाला, जुळेल हळूहळू' हा घरातला निर्णय म्हणूनच महागात पडतो.

मांडीच्या हाडाचा गोळा खुब्याच्या उखळीत बसतो आणि त्याखाली बारीक मान असते. गोळ्याचं बहुतेक रक्त या मानेच्या अंगाने खालून वर जातं. मान मोडून सरकली की त्या रक्तवाहिन्या तुटू शकतात, मग गोळा उपाशी राहतो आणि हाड न जुळण्याचा धोका वाढतो. म्हणून वयस्करांमध्ये गोळाच बदलतात. मोड मानेखाली असेल तर तिथे रक्तपुरवठा चांगला असतो आणि हाड जुळतं. पण ऑपरेशन न करता पायाला वजन लटकवून जुळवायचं तर कित्येक आठवडे पाठीवर पडून राहावं लागतं, आणि पाय आखूड राहू शकतो. ऑपरेशन करून हाडात धातूचा रॉड घातला तर बहुतेक पेशंट दुसऱ्या दिवशी वॉकर धरून उभे राहतात. इतर आजार आटोक्यात आणून 24 ते 48 तासांत ऑपरेशन व्हावं, हे ध्येय असतं.

ओळखायचं कसं? पडल्यावर उठता येत नाही, जांघेत दुखतं, तो पाय किंचित आखूड आणि पाऊल बाहेर वळलेलं दिसतं. मालिश नको, ओढून बसवणं नको. मोडलेल्या हाडाची टोकं एकमेकांत रुतली असतील तर माणूस लंगडत चालतोही. जांघेतलं दुखणं थांबत नसेल आणि एक्स-रेत काही दिसत नसेल तर एमआरआयबद्दल विचारा.

उरलं चालणं. ते हवंच, पण तेवढ्याने मांडीची ताकद आणि तोल राखला जात नाही. जागतिक आरोग्य संघटना 65 वर्षांपुढच्यांना आठवड्यात 150 मिनिटं चालण्यासारख्या हालचालीबरोबर दोन दिवस ताकदीचे आणि तीन दिवस तोलाचे व्यायाम सांगते. भिंतीला टेकवलेल्या, न सरकणाऱ्या खुर्चीवरून हात छातीशी ठेवून 8 ते 12 वेळा उठा-बसा, थोडं थांबून पुन्हा एकदा. ओट्याला धरून टाचा उचला, एकेक पाय बाजूला उचला. मग एक हात ओट्याजवळ ठेवून 10 सेकंद एका पायावर उभं राहा. 70 ते 74 वयाच्या बाईला 30 सेकंदांत 10 वेळा आणि पुरुषाला 12 वेळा हात न लावता खुर्चीतून उठता आलं नाही, तर पडण्याचा धोका जास्त समजतात. उठताना छातीत दुखलं किंवा गरगरलं तर तिथेच थांबा आणि तपासून घ्या.