तू पुण्यातच आहेस ना!

आमची रसायनशास्त्राच्या बी.एस्सी.ची बॅच १९८६ सालची. वर्गातल्या ६३ जणांपैकी बरेचसे परदेशी गेले, काही मुंबई-बंगळुरूकडे स्थिरावले आणि मी पुण्यात राहिलो. या शेवटच्या अपराधाची शिक्षा मला चाळीस वर्षांनी झाली. व्हॉट्सअ‍ॅपच्या ग्रुपवर कोणीतरी गेट-टुगेदरची टूम काढताच न्यू जर्सीपासून सिडनीपर्यंतच्या मंडळींनी एकमुखाने लिहिले, "तू पुण्यातच आहेस ना! मग बघ जरा." हॉल, जेवण, वर्गणी, रुसवेफुगवे आणि बेपत्ता वर्गमित्रांचा शोध या सगळ्याचा समावेश ‘बघ जरा’ या दोन शब्दांत होतो, हे मला तेव्हा ठाऊक नव्हते.

शोधाचे काम त्यातल्या त्यात सोपे वाटले होते. परंतु वर्गातल्या मुलींची आम्हाला माहेरची नावे पाठ आणि फोनवर दिसतात ती सासरची; त्यामुळे एका अनोळखी आडनावाच्या बाईंना मी दीड महिना ‘आपण’, ‘कृपया कळवावे’, ‘सहकार्याबद्दल आभारी आहे’ अशा सोसायटीच्या सूचनाफलकाला शोभणाऱ्या भाषेत निरोप पाठवत राहिलो. अखेर त्यांचे एका ओळीचे उत्तर आले: "माझं जर्नल कधी परत देतोस?" ती आमच्या प्रयोगशाळेतली माझीच टेबल-पार्टनर निघाली. एप्रिलमध्ये माझे प्रॅक्टिकल राहिले होते आणि ऑक्टोबरच्या परीक्षेसाठी मी तिचे जर्नल मागून आणले होते. परत द्यायचे मनात होतेच. फक्त ते बरीच वर्षे मनातच राहिले.

प्रत्यक्ष भेटण्याआधी एक ऑनलाइन बैठक घ्यावी असे ठरले आणि मी मोठ्या हिशेबाने रविवारी संध्याकाळी साडेसातची वेळ दिली. न्यू जर्सीत तेव्हा सकाळचे दहा वाजतात, असे मी आदल्याच आठवड्यात पडताळून घेतले होते. मात्र तो रविवार नेमका नोव्हेंबरचा पहिला होता आणि अमेरिकेत त्याच पहाटे घड्याळे तासभर मागे सारतात. परिणामी सिडनीतला आमचा मित्र रात्री एक वाजता शाल पांघरून पडद्यावर ताटकळत बसला, अमेरिकावाले बरोबर दहा वाजता, म्हणजे आपल्याकडच्या साडेआठला, प्रसन्न मुद्रेने उगवले आणि तोवर सिडनीच्या चौकोनात फक्त छत दिसत होते. दोष अर्थातच माझा ठरला. अमेरिकेचे घड्याळ हेही ‘बघ जरा’मध्ये मोडते.

त्यानंतर तारीख. मी तीन रविवारांचा पोल टाकला. अठरा जणांनी तिन्हींवर खूण केली, चौघांनी चौथा रविवार सुचवला आणि उरलेल्यांनी ‘सर्वांचे ठरेल तसे’ असा हात जोडलेला उदार अभिप्राय दिला. ज्यांना विमानाची तिकिटे काढायची होती, त्यांनी आठवड्याभरात काढलीही. अडचण पुण्यातल्याच मंडळींची होती. कोथरूडकरांना औंध म्हणजे परगाव वाटते, हडपसरकर कोथरूडचे नाव काढताच वाहतुकीवर व्याख्यान देतात, आणि सिंहगड रस्त्यावरचा आमचा एक मित्र तर कोणत्याही जागेबद्दल, त्यात आजी-आजोबांच्या लग्नाचा वाढदिवस असो की वर्गमित्राची शोकसभा, पहिला प्रश्न एकच विचारतो: "पार्किंग आहे का?" अखेरीस एरंडवण्यातला एक हॉल सर्वांना सारखाच गैरसोयीचा असल्याने बहुमताने मंजूर झाला.

वर्गणी १,५०० रुपये ठरली. एकाने आहेर समजून १,५०१ पाठवले आणि तो वरचा एक रुपया अजून माझ्या हिशेबाच्या वहीत ठसठसतो आहे.

या सगळ्या खटाटोपात मला राहून राहून नवल वाटे ते एकाच गोष्टीचे. कॉलेजात असताना आमच्यापैकी मोजक्यांच्या घरी फोन होता, तोही बहुधा बाहेरच्या खोलीत वडिलांच्या नजरेसमोर. तरीही फर्ग्युसन रस्त्यावरच्या ‘वैशाली’त दुपारी चारला गेले की पाच-सहा जण हटकून भेटत. कोणी पोल घेत नसे. तीन कॉफीत सहा जण बसत आणि पार्किंगला लुना भिंतीला टेकवली की काम भागत असे.

गेट-टुगेदरच्या दिवशी ६३ पैकी २९ जण आले. मी आदल्या रात्री माळ्यावर चढून, पितळी घागरीमागे दडलेले ते तपकिरी कव्हरचे जर्नल धूळ झटकून सोबत नेले होते आणि जेवणाआधीच ते पार्टनरच्या हाती समारंभपूर्वक दिले. टाळ्या पडल्या. तिने चष्मा लावला, पाने उलटत टायट्रेशनच्या एका तक्त्यापाशी ती थांबली आणि बोट ठेवून मला जवळ बोलावले. ब्युरेटची तिन्ही वाचने ९.८ मिली, तंतोतंत सारखी, माझ्या वळणदार अक्षरात. शेजारी सरांच्या लाल शाईत भले मोठे प्रश्नचिन्ह.

"हा प्रयोग मला पुन्हा करायला लावला होता. एकटीला. पार्टनर कुठे आहे म्हणून सर विचारत होते," ती म्हणाली. "कुठे होतास रे?"

मी काही उत्तर जुळवण्याच्या आतच पलीकडच्या टेबलावरून चौघांनी एका सुरात साक्ष दिली, "वैशालीत!"